दारातला कुत्रा कोणाचा?

‘भटका कुत्रा’ ह्या दोन शब्दांनी आपल्या समाजाची जेवढी सोय करून ठेवली आहे तेवढी दुसऱ्या कोणत्या शब्दांनी क्वचितच केली असेल. भटका म्हटले की तो कोणाचाच नाही. तो चावला तर दोष कोणाचाच नाही, तो वाहनाखाली सापडला तर हळहळ कोणालाच नाही, आणि आळीतली कुत्री आठ पिल्ले व्याली तर ती पिल्लेही जन्मतःच बेवारस. एवढी मोठी जबाबदारी एका विशेषणावर टाकून आपण मोकळे होतो. हात धुण्याची ही कला आपण पिलाताकडून नीट शिकलो आहोत. आमचे म्हणणे असे की, आपल्या गावांतून आणि आळ्यांतून खरोखर भटका असा कुत्रा फार थोडा आहे. अधिक आहेत ती आपल्या कुत्र्याला नाकारणारी घरे. हे विधान पुष्कळांना झोंबेल. झोंबावे म्हणूनच ते आम्ही प्रारंभी मांडले आहे.

निमित्त न्यायालयाचे आहे. ११ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या पीठाने दिल्ली व परिसरातील रस्त्यांवरची कुत्री उचलून निवाऱ्यांत ठेवावीत, ती पुन्हा रस्त्यावर सोडू नयेत, असा आदेश दिला. देशभर गदारोळ उडाला. २२ ऑगस्ट रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने त्यात बदल केला. निर्बीजीकरण व लसीकरण झालेली कुत्री जेथून नेली तेथेच परत सोडावीत, मात्र पिसाळलेली वा आक्रमक असतील ती सोडू नयेत, असे ठरले. पुढे ७ नोव्हेंबर रोजी शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वेस्थानके अशा आवारांतून कुत्री हटविण्याचा आणखी एक आदेश निघाला. ह्या काळात घरोघर दोन पक्ष पडलेले आम्ही पाहिले. ‘सगळी उचला’ असा एक पक्ष आणि ‘एकाला हात लावू नका’ असा दुसरा. जेवणाच्या टेबलावर भावाभावांत तंटे झाले. गंमत अशी की, दोन्ही पक्षांना कुत्रा हवा आहे तो सरकारच्या ताब्यात किंवा रस्त्याच्या ताब्यात. आपल्या घराच्या ताब्यात कोणालाच नको.

वस्तुतः २२ ऑगस्टच्या त्या आदेशात एक तरतूद अशी आहे की जिची चर्चा व्हावी तितकी झाली नाही. ज्यांना रस्त्यावरचा कुत्रा दत्तक घ्यावयाचा असेल त्यांनी महानगरपालिकेकडे अर्ज करावा. त्या कुत्र्याला खूण लावून तो त्यांच्या हवाली केला जाईल. आणि तो पुन्हा रस्त्यावर येणार नाही, ही जबाबदारी दत्तक घेणाऱ्याची राहील. सारे मर्म ह्या शेवटच्या अटीत आहे. कायदा येथे प्रेमाची मोजणी करीत नाही. तो एवढेच विचारतो की, उद्या आणि परवा आणि दहा वर्षांनी हा प्राणी कोणाच्या दारात असेल?

दत्तक हा मराठी माणसाच्या लेखी हलका शब्द नाही. दत्तक घेतलेले मूल घराचे नाव लावते, घरातल्या सुतकात आणि सोहळ्यात सामील होते आणि, सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, ते परत करता येत नाही. कुत्रा म्हणजे मूल नव्हे, हे आम्हांस कोणी शिकवावयास नको. त्या प्रश्नाकडे आम्ही पुढे येणारच आहोत. परंतु शब्द वापरावयाचा तर त्याचे ओझेही उचलावे लागते. आज ‘आम्ही एक कुत्रा दत्तक घेतला आहे’ असे सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांना आम्ही साधी चौकशी करतो. त्याला रेबीजची लस कधी टोचली? रात्री तो कोठे निजतो? तुम्ही पंधरा दिवस गावाला गेलात तेव्हा त्याचे काय झाले? बहुतेक ठिकाणी तिसऱ्या प्रश्नापाशी संभाषणाचा विषय बदलतो.

ओट्यावरून भाकरीचा तुकडा भिरकावणे म्हणजे पाळणे नव्हे. हे सांगताना आमच्यावर निर्दयपणाचा आरोप येईल ह्याची आम्हांस जाणीव आहे, कारण तुकडा टाकणाऱ्याला तो तुकडा पुण्य वाटतो. संत नामदेवांची आणि कुत्र्याची कथा महाराष्ट्रात लहानथोरांस ठाऊक आहे. कुत्र्याने भाकरी पळविली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन मागे धावले. ती कथा भूतदयेची म्हणून सांगितली जाते. आम्हांस त्यातले धावणे महत्त्वाचे वाटते. ते दारात उभे राहिले नाहीत. आपला दाता मात्र उंबरा ओलांडीत नाही. तो ताटातले उष्टे फेकतो, दार लावतो आणि त्याच कुत्र्याने शेजारच्या पोराला दात लावला की पहिला ओरडतो, ‘ही भटकी कुत्री नगरपालिका उचलत का नाही?’ सहा महिने सकाळ-संध्याकाळ आपल्या दारात जेवणारा प्राणी चावल्याच्या दिवशी अकस्मात भटका कसा होतो, हे कोडे आम्हांस अद्याप उलगडलेले नाही.

कुत्र्याला तरी तुकडाच हवा असतो काय? कोलकात्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत डॉ. अनिंदिता भद्रा आणि त्यांचे सहकारी बंगालच्या रस्त्यांवरील कुत्र्यांचा अनेक वर्षे अभ्यास करीत आले आहेत. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका प्रयोगात अनोळखी माणसाने काही कुत्र्यांना वारंवार खाऊ दिला आणि काहींच्या डोक्यावरून वारंवार हात फिरविला. विश्वास अधिक लवकर जडला तो हाताने. आपल्या रस्त्यावरच्या, दगड खाऊन वाढलेल्या कुत्र्याची ही गोष्ट आहे, विलायती गादीवर लोळणाऱ्याची नव्हे. ह्याच संशोधकांचे आणखी एक काम २०१६ चे आहे. त्यांनी रस्त्यावर जन्मलेल्या ३६४ पिल्लांची नोंद ठेवली. वयात येईपर्यंत जगली ती शंभरात सुमारे १९. मेलेल्यांपैकी शंभरात ६३ पिल्लांच्या मृत्यूस माणूस कारण होता: वाहन, मारहाण, विष, उचलून नेणे. उचलून नेणाऱ्यांत हौसेने पाळावयास नेणारेही येतात, हे आमच्या वाचकांनी लक्षात ठेवावे. पोराने हट्ट धरला म्हणून आईच्या दुधावरचे पिल्लू खोक्यात घालून घरी आणायचे, चार दिवस बशीत दूध ठेवायचे आणि पाचव्या दिवशी ते गार पडलेले पाहून हळहळायचे, ह्या प्रकाराला आपण आजवर प्रेम म्हणत आलो.

माणसाचे आणि ह्या प्राण्याचे घरोब्याचे नाते किती जुने आहे ह्याचा एक पुरावा जर्मनीत बॉन शहराजवळ ओबरकासेल येथे १९१४ साली दगडाच्या खाणीत सापडला. सुमारे चौदा हजार वर्षांपूर्वीच्या एका कबरीत एक पुरुष, एक स्त्री आणि त्यांच्यासोबत एक तरुण कुत्रा पुरलेला होता. त्याच्या दातांची २०१८ साली पुन्हा तपासणी झाली, तेव्हा पिल्लू असताना त्याला डिस्टेंपर हा घातक रोग होऊन गेला असावा, असे दिसून आले. ह्या रोगात शुश्रूषेवाचून पिल्लू जगत नाही. ज्या काळी माणूस स्वतः शिकारीवर जगत होता त्या काळी, शिकारीस निरुपयोगी असे एक आजारी पिल्लू कोणीतरी आठवडेच्या आठवडे स्वच्छ ठेवले, त्याला पाणी पाजले आणि पुढे आपल्या माणसांबरोबर मातीत ठेवले. आपल्याकडे काश्मिरात बुर्झहोम येथेही नवाश्मयुगीन वस्तीत माणसांसोबत पुरलेली कुत्री आढळली आहेत. ह्या लोकांना ‘भटका’ हा शब्द ठाऊक नसावा.

आता आम्ही भंडारा जिल्ह्यात येतो. पवनी तालुक्यात वैनगंगेच्या खोऱ्यात चौरास म्हणून ओळखला जाणारा सुपीक पट्टा आहे, आसगाव त्यातलेच. धानाचा मुलूख. तेथे एका शेतकरी घरी आमचे अधूनमधून जाणे होते. त्या घरी एक तांबूस रंगाचा गावठी कुत्रा आहे. तो कोणी आणलेला नाही. एका पावसाळ्यात रोवणीच्या धांदलीत भिजलेले पिल्लू ढोरांच्या गोठ्यात येऊन बसले आणि घरच्या म्हातारीने त्याला हाकलले नाही, एवढाच त्याचा प्रवेश. पण पुढे जे घडले ते आम्हांस नोंदण्यासारखे वाटते. त्याला नाव मिळाले. घरधनी बांधीवर जागलीला जातो तेव्हा तो सोबत जातो आणि रानडुकरांचा सुगावा त्याला माणसाच्या आधी लागतो. जागल संपल्यावर मात्र घरधनी त्याला शेतात सोडून येत नाही, परत आणतो. वर्षातून एकदा मोटारसायकलवर पुढे पोत्यावर बसवून त्याला जनावरांच्या दवाखान्यात नेले जाते. पहिल्या वर्षी वाटेत भेटलेल्या एका शेजाऱ्याने हसून विचारले होते, ‘गावठी कुत्र्याले सुई कायले लावता जी?’ घरधन्याने उत्तर दिले, ‘घरचा हाय न जी थो.’

ह्या उत्तरात दत्तकविधानाचा सारा कायदा आला, असे आम्ही समजतो. घरचा आहे म्हणून सुई. तो दाखवावयाच्या जातीचा आहे म्हणून नव्हे, किंवा महाग घेतला आहे म्हणूनही नव्हे. ह्या कुटुंबाकडे कुत्र्यासाठी खास अन्न नाही. घरात जो भात शिजतो त्यातला त्याचा वाटा ठरलेला आहे, आणि तो उष्ट्यातला नाही.

ह्याच घरची आणखी एक रीत सांगितली पाहिजे, कारण तिच्यामागे तेथील भूगोल आहे. रात्री कुत्रा दाराबाहेर बांधला जात नाही. तो पडवीत, कडीच्या आत निजतो. पवनीला लागून उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य आहे. वाघ-बिबट्यांचा वावर असलेल्या मुलखात अंगणात साखळीने बांधलेला कुत्रा हा राखणदार राहत नाही, तो आमिष होतो. नगर जिल्ह्यातील अकोले परिसरात डॉ. विद्या अत्रेय व सहकाऱ्यांनी बिबट्याच्या आहाराचा अभ्यास केला. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, वजनाच्या हिशेबाने बिबट्याच्या भक्ष्यात सर्वांत मोठा वाटा पाळीव व गावकुत्र्यांचा, सुमारे ३९ टक्के, आढळला. म्हणजे आपण मोकळी सोडलेली कुत्री बिबट्याला गावापर्यंत आणतात आणि मग आपण वनखात्याच्या नावाने बोटे मोडतो. उलट बाजूही तितकीच खरी. लस न टोचलेला कुत्रा रानात हिंडला तर रोग रानात जातो. २०१८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात गीरच्या जंगलात २३ सिंह मेले. त्यांच्यापैकी काहींत डिस्टेंपरचे विषाणू सापडले. चौदा हजार वर्षांपूर्वी एका घराने ज्या रोगातून पिल्लू वाचविले तोच हा रोग. आज त्यावर लस आहे.

राजेरजवाड्यांनी आणि श्रीमंतांनी कुत्र्यांवर केलेल्या प्रेमाच्या कथा आपल्याकडे पुष्कळ आहेत. रायगडावरील वाघ्याच्या स्मारकावरून २०२५ साली पुन्हा वाद पेटला. त्यात इतिहास किती आणि दंतकथा किती ह्याचा निवाडा इतिहासकारांनी करावा, आम्ही त्यात पडत नाही. साताऱ्याचे छत्रपती शाहू महाराज ह्यांच्या खंड्या कुत्र्याची गोष्ट अधिक भक्कम आहे. शिकारीत वाघापासून त्याने महाराजांना वाचविले, म्हणून त्यांनी त्याला जहागिरीची सनद व पालखीचा मान दिला, असे ग्रँट डफने लिहून ठेवले आहे, आणि संगम माहुलीस त्याची समाधी आहे. डफसाहेबाला हा राजाचा विक्षिप्तपणा वाटला. आम्हांस पालखीचे कौतुक नाही, सनदेचे आहे. कुत्रा कोणाचा, हे राजाने कागदावर लिहून दिले होते. आमच्या काळात रतन टाटा ह्यांनी गोव्यात मागे लागलेले एक रस्त्यावरचे पिल्लू मुंबईला आणले, त्याचे नावच ‘गोवा’ ठेवले आणि ते बॉम्बे हाऊसमध्ये वाढले. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी टाटा निवर्तले तेव्हा त्याला अंत्यदर्शनासाठी आणले गेले, ते चित्र देशाने पाहिले आणि कित्येकांनी डोळे पुसले. डोळे पुसणाऱ्यांपैकी किती जणांनी त्या आठवड्यात आपल्या दारातल्या कुत्र्याला दवाखान्यात नेले, एवढेच आम्ही विचारतो.

जेव्हा कुत्रा कोणाचा हे कोठेच लिहिलेले नसते तेव्हा काय होते, हे मुंबईने १८३२ च्या जूनमध्ये पाहिले. सरकारने मोकाट कुत्री मारण्यासाठी प्रत्येकी आठ आणे इनाम लावले. इनामाच्या लोभाने शिपायांनी आळीत, दारात, अंगणात दिसेल त्या कुत्र्यावर सोटे चालविले. पारशी समाज खवळला, कारण त्यांच्या धर्मात कुत्र्याला पवित्र स्थान आहे. इतर समाजांचे लोकही त्यांना मिळाले, कोट भागातील बाजार बंद पडला, लष्कराला फौज उतरवावी लागली. सरकारच्या डोळ्यांना जो मोकाट दिसत होता तो आळीच्या डोळ्यांना आपला होता. आमची सहानुभूती त्या आळीकडे आहे. पण त्या दंगलीपासून जवळजवळ दोनशे वर्षांनंतरही आपली आळी तेथेच उभी आहे: कुत्रा मारावयास कोणी आला की तो आपला, एरवी तो सरकारचा. हे ‘आपलेपण’ फार स्वस्त आहे.

त्याची किंमत कोण मोजते ते पाहा. २०२४ साली देशात कुत्रा चावल्याची ३७ लाखांहून अधिक प्रकरणे नोंदली गेली, असे केंद्र सरकारने संसदेत सांगितले. जगात रेबीजने जेवढी माणसे मरतात त्यांतील सुमारे ३६ टक्के एकट्या भारतात मरतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. आणि संशयित पिसाळलेल्या प्राण्याने चावलेल्यांत १५ वर्षांखालील मुले शंभरात ४० असतात. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की औषध जवळजवळ उरतच नाही. तहानेने व्याकूळ झालेले मूल पाण्याचा पेला पाहून घशात आचके देते, हे ज्यांनी एकदा पाहिले ते रात्री झोपत नाहीत. लुई पाश्चरने ६ जुलै १८८५ रोजी जोसेफ माइस्टर ह्या नऊ वर्षांच्या मुलाला पहिली लस टोचली. त्यानंतरही ही मुले मरतात ती विज्ञान नाही म्हणून नव्हे. जखमेवर मिरची, चुना वा हळद चोपडली जाते, साबण-पाण्याने पंधरा मिनिटे धुतली जात नाही, दवाखाना उद्यावर टाकला जातो. त्याच्याही आधी, दारात जेवणाऱ्या कुत्र्याला ‘आपला नाही’ म्हणून सुई टोचली गेली नव्हती. आमचा रोष ह्या शेवटच्या वाक्यावर आहे.

हे टळू शकते, हे गोव्याने दाखविले. तेथे राज्य शासन आणि मिशन रेबीज ही संस्था ह्यांनी मिळून घराघरांत व रस्त्यारस्त्यांवर जाऊन वर्षाला सुमारे ९५ हजार कुत्र्यांना लस टोचली, शाळांतून मुलांना शिकविले. २०२१ साली शासनाने गोवा रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून घोषित केले. एखाद्या प्रदेशातील दहापैकी सात कुत्र्यांना लस टोचलेली असली की रोगाची साखळी तुटते, असे तज्ज्ञ सांगतात. पण दहापैकी सात कुत्री पकडावयाची कोणी? ज्याच्या हाकेला कुत्रा येतो त्यानेच. अनोळखी पथकाला जाळे लागते. घरच्या माणसाला नाव पुरते.

२०१९ च्या पशुगणनेत देशात सुमारे १ कोटी ५३ लाख भटकी कुत्री मोजली गेली, महाराष्ट्रात १२ लाख ७६ हजारांच्या आसपास. त्या रकान्यात विकत घेऊन टाकून दिलेली किती, हे कोणी मोजले नाही. पण आमच्यापुरती आम्हांस ती दिसतात. मुलाच्या वाढदिवसाला लॅब्राडोरचे पिल्लू आले. वर्षभरात ते तीस किलोंचे झाले, सोफा कुरतडू लागले, सोसायटीत तक्रारी सुरू झाल्या. मग ‘आम्ही त्याला एका फार्महाऊसवर ठेवले, तेथे त्याला मोकळी हवा मिळते’ असे सांगण्यात आले. ही फार्महाऊसे किती विशाल असली पाहिजेत! विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि तेथल्या शहरांत आता बर्फाळ मुलखातले, दुहेरी लोकरीचे हस्की आणि सेंट बर्नार्ड धापा टाकताना दिसतात. सेंट बर्नार्ड ही जात आल्प्सच्या खिंडीतील आपल्याच संन्यस्त पुरोहितांनी वाटसरूंना हिमातून सोडविण्यासाठी वाढविली होती. नागपूरच्या फ्लॅटमध्ये ते बिचारे कोणास सोडविणार? हौसेने आणलेला आणि गैरसोय होताच सोडलेला असा प्राणी गावठ्यापेक्षाही लवकर मरतो, कारण त्याला रस्ता ठाऊक नसतो.

ह्याहूनही एक वाईट गोष्ट आहे आणि ती आपल्या सभ्य घरांत हळू आवाजात चालते. पाळावयास पिल्लू निवडताना नर निवडला जातो. माद्या पोत्यात घालून बाजाराच्या दिवशी मंडईमागे, नदीच्या पुलाखाली, कधी आमच्या चर्चच्या फाटकाशीही आणून टाकल्या जातात. ‘मादी नको, व्याप होतो,’ असे कारण. ज्या समाजाने मुलींच्या बाबतीत ह्याच तऱ्हेचा हिशेब केला त्याच्या तोंडी हे शब्द ऐकताना आम्हांस आश्चर्य वाटत नाही, लाज वाटते. कुत्री साधारण त्रेसष्ट दिवसांत विते आणि वर्षातून दोनदा वेऊ शकते. टाकलेल्या एका मादीपासून दोन वर्षांत किती पिल्ले होतील, हे चौथीतले मूलही सांगेल. निर्बीजीकरणाची एक शस्त्रक्रिया करवून ती मादी घरात ठेवली असती तर आळीचा अर्धा प्रश्न मिटला असता. प्राणी जन्म नियंत्रण नियम २००१ साली आले, २०२३ साली नवे आले. त्यांत ही जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली आहे आणि ती त्यांच्याकडून वसूल केलीच पाहिजे. पण पंचायतीला जाब विचारावयास निघालेल्याने आपल्या घरची मादी कोठे गेली, हे आधी सांगावे.

येथे आमच्या वाचकांपैकी एकजण हात वर करील हे आम्ही जाणतो. ‘फादर, माणसांची पोरे उपाशी असताना कुत्र्यांचे हे कौतुक कशाला?’ प्रश्न योग्य आहे. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिकवणीत ह्यावर दोन्ही बाजूंनी लिहिले आहे. प्राण्यांना विनाकारण क्लेश देणे वा मारणे हे माणसाच्या प्रतिष्ठेस सोडून आहे. आणि दुःखी माणसांकडे वळावयास हवा असा पैसा प्राण्यांवर उधळणे, माणसांचा हक्क असलेले प्रेम त्यांना देणे, हेही गैर आहे. पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ ह्या परिपत्रकात सृष्टीतील कोणत्याही जिवाशी क्रूरतेने वागणाऱ्याचे मन माणसांशीही तसेच वागू लागते, असा इशारा दिला. आणि त्याच पोपमहोदयांनी ५ जानेवारी २०२२ रोजी, अपत्यांच्या जागी कुत्री-मांजरे आणणाऱ्या जोडप्यांस स्वार्थी म्हणून फटकारलेही. कित्येकांना ह्यात विसंगती दिसली. आम्हांस दिसत नाही. कुत्र्याला वाढदिवसाचा केक कापावयास लावणारे घर आणि त्याला पुलाखाली टाकणारे घर, दोन्ही एकच चूक करतात: दोघांनाही तो कुत्रा म्हणून दिसत नाही. पहिल्याला तो खेळण्यातले मूल वाटतो, दुसऱ्याला कचरा. आसगावच्या घरात तो कुत्रा आहे. त्याच्या नावावर कोणी उपाशी राहिलेले नाही; उलट जागलीच्या रात्री त्याने जे धान राखले त्यातलाच भात तो खातो.

बायबलात कुत्र्याचा उल्लेख बहुधा हेटाळणीनेच येतो. ह्याची आठवण करून देणारेही भेटतात. खरे आहे. परंतु आपल्या कॅथलिक बायबलात तोबितचा ग्रंथ आहे. तरुण तोबिया राफाएल देवदूतासह दूरच्या प्रवासास निघतो तेव्हा घरचा कुत्रा त्यांच्यामागे निघतो, आणि परतीच्या वाटेवरही तो त्यांच्यासोबत असतो. मधल्या प्रवासात तो काहीही पराक्रम करीत नाही. मासा पकडण्यात त्याचा हात नाही, भूत घालविण्यात नाही, आंधळ्या बापाला दृष्टी देण्यात नाही. तो घरातून गेला आणि घरी आला. टीकाकारांनी त्या कुत्र्याचे काय प्रयोजन म्हणून पाने खर्ची घातली आहेत. ज्या घरात कुत्रा आहे त्या घराला हा प्रश्न पडत नाही.

तेव्हा आता कामाचे बोलू. २८ सप्टेंबर हा पाश्चरच्या मृत्यूचा दिवस रेबीज दिन म्हणून पाळला जातो आणि त्या सुमारास अनेक ठिकाणी जनावरांच्या दवाखान्यांत कुत्र्यांना मोफत लस टोचतात. आपल्या गावी असे शिबिर आहे की नाही, ह्याची चौकशी पंचायतीत वा नगरपालिकेत आत्ताच करावी. नसेल तर दहा घरांनी मिळून अर्ज द्यावा, एकट्याच्या अर्जाला फाटा मिळतो. त्यानंतर सहाच दिवसांनी, ४ ऑक्टोबरला, असिसीच्या संत फ्रान्सिसचा सण येतो. त्या दिवशी पुष्कळ धर्मग्रामांत प्राण्यांना आशीर्वाद देण्याची प्रथा आहे. मुले कुत्री, मांजरे, पोपट घेऊन येतात आणि फोटो काढले जातात. यंदा आमच्याकडे येणाऱ्यांनी कुत्र्याबरोबर त्याचे लसीचे कार्डही आणावे. आशीर्वाद आम्ही देऊच, पण कार्ड आधी पाहू. विकत घेतलेल्या जातिवंतांसाठी वेगळी रांग असणार नाही. आणि जो कोणी रस्त्यावरून उचललेली मादी, तिच्या शस्त्रक्रियेचा कागद घेऊन येईल त्याला मात्र आम्ही स्वतः हात धरून पुढे आणणार आहोत.